एक वळू, शंभर गायी : माणदेशातील जातिवंत जनावरे आणि जवळच्या रक्ताचा प्रश्न

खिलार या गाय-बैलांच्या जातीच्या शाखा सांगताना पशुपैदाशीच्या जुन्या नोंदींत चार नावे येतात : आटपाडी महाल म्हणजेच हणम खिलार, म्हसवड खिलार, खानदेशातली तापी खिलार आणि नकली खिलार. म्हसवडच्या नावाची शाखा सातारा-सांगलीच्या सीमेवरच्या कोरड्या पट्ट्यातली. याच पट्ट्यात दक्षिणेकडे गेले की जत तालुक्यात माडग्याळ लागते आणि त्या गावाच्या नावाची मेंढी आज लाखांच्या बोलीत विकली जाते. पाऊस कमी, चारा कमी, जमीन हलकी. पण या पट्ट्याने, म्हणजे माणदेशाने, महाराष्ट्राला दोन देखण्या जाती दिल्या.

या दोन्ही जातींना आज जितका भाव आहे तितका मागच्या पिढीने पाहिला नव्हता. जुलै २०११च्या केंद्रीय अधिसूचनेने आणि ७ मे २०१४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाडी शर्यती थांबल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून शर्यतीच्या खिलार खोंडांचे भाव चढत गेले. माडग्याळी मेंढीचेही तेच झाले. डिसेंबर २०२०मध्ये आटपाडी तालुक्यातल्या ‘सर्जा’ नावाच्या मेंढ्याला सत्तर लाखांची बोली लागली, मालकाने दीड कोटी मागितले, ही बातमी देशभर छापून आली.

भाव चढला ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण भाव चढतो तेव्हा सगळ्यांच्या नजरा मोजक्या नरांवर जातात. ज्याचे नाव झाले त्याच्याकडे गायी जातात, ज्याच्या नाकाला बाक त्याचीच कोकरे विकत घेतली जातात. जातीचे रक्त अशा रीतीने थोड्या नरांवर येऊन ठेपले, तर पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत जनावराच्या अंगावर त्याचा काय परिणाम होईल, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्याचे शास्त्र जुने आहे, जगाचा अनुभव भरपूर आहे आणि उपाय आपल्या हातातले आहेत. म्हणूनच त्याकडे वेळीच पाहायला हवे.

जवळचे रक्त म्हणजे नेमके किती जवळचे

प्रत्येक जनावरात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक बापाकडून, एक आईकडून. बिघडलेले अनेक जनुक सुप्त असतात. दोनपैकी एक प्रत चांगली असेल तर जनावर धडधाकट दिसते. अशी बिघडलेली प्रत जवळपास प्रत्येक जनावर अंगात वागवत असते आणि ती दिसत नाही. नर आणि मादी दोघांना एकाच पूर्वजाकडून तीच बिघडलेली प्रत मिळालेली असेल, तर वासरात दोन्ही प्रती वाईट येऊ शकतात आणि तेव्हा दोष उघडा पडतो.

अमेरिकन शास्त्रज्ञ सिवॉल राइट यांनी १९२२मध्ये यासाठी अंतःप्रजननाचा गुणांक मांडला. बाप आणि लेक यांच्यापासून झालेल्या वासरात तो २५ टक्के येतो, सख्ख्या भावंडांच्या संततीतही २५. एकाच वळूच्या पण वेगवेगळ्या गायींच्या संततीची जोडी लावली तर १२.५, आजोबा-नात लावले तरी १२.५, आणि सख्ख्या चुलत भावंडांची जोडी लावली तर ६.२५. २५ टक्क्यांचा अर्थ असा की कोणत्याही एका जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या त्याच प्रतीपासून आलेल्या असण्याची शक्यता चारात एक.

याचा परिणाम नेहमी लुळ्या-पांगळ्या वासराच्या रूपात दिसतो असे नाही. बहुतेक वेळा तो हळू येतो आणि म्हणून नजरेतून सुटतो. वासरे जन्मतःच थोडी हलकी भरतात, पहिल्या महिन्यात मरतूक वाढते, कालवड उशिरा माजावर येते, गाय पुन्हा पुन्हा उलटते, वळूच्या वीर्याची प्रत उतरते, अंगात रोगाशी झुंजण्याची ताकद कमी राहते. एकेका गोठ्यात याला नशीब म्हणतात, चारा कमी पडला म्हणतात, उन्हाळा कडक होता म्हणतात. चारा आणि उन्हाळा ही कारणे खरी असतातच. म्हणूनच त्यांच्या आड लपलेले रक्ताचे कारण ओळखायला नोंदवही लागते.

उघड दिसणारे काही दोष मात्र पशुपालकाला चांगले ठाऊक असतात : खालचा जबडा आखूड किंवा पुढे आलेला, नराचा एक अंडकोश न उतरलेला, बेंबीपाशी हर्निया. या दोषांमागे आनुवंशिक कारण असू शकते. असा नर दिसायला कितीही राजबिंडा असला तरी पैदाशीला ठेवू नये, हे प्रत्येक पशुवैद्यक सांगतो.

खिलार : आकडा चारच्या वर जात नाही

खिलार हे कामाचे जनावर. पांढरट करडा रंग, लांब निमुळते तोंड, मागे जाऊन वर वळलेली लांब शिंगे, कडक खूर, तापट स्वभाव आणि वेग. दूध कमी, एका वेतात सरासरी चारशे लिटरच्याही खाली. म्हणून ही गाय पाळली गेली ती बैलांसाठी. शेतीला, मोटेला, गाडीला बैल हवा होता तोवर गावोगाव खिलारच्या गायी होत्या आणि त्यांच्यासाठी वळू होते. देवाच्या नावाने सोडलेला पोळ चार गावांची शिवारे फिरायचा. कोणाचा वळू कोणत्या गाईला लागला याची नोंद नसे, पण वळू पुष्कळ होते आणि ते एका जागी राहत नव्हते. रक्त मिसळत राहायचे.

गेल्या साठ वर्षांत या चित्राला चार बाजूंनी कात्री लागली. ट्रॅक्टर आला आणि बैलाची गरज कमी झाली. दूध संघ आले आणि गोठ्यात जर्सी, होल्स्टीन संकरित गायी आल्या. विसाव्या पशुगणनेनुसार, म्हणजे २०१९मध्ये, देशातली संकरित व विदेशी गायी-बैलांची संख्या आधीच्या गणनेपेक्षा सुमारे २७ टक्के वाढली, तर देशी गोवंश ६ टक्के घटला. तिसरे कारण दुष्काळ. १९७२चा दुष्काळ, २०१२-१३ आणि २०१८-१९ची टंचाई, प्रत्येक वेळी दावणी रिकाम्या झाल्या. म्हसवडमध्ये माण देशी फाउंडेशनने या दोन्ही टंचाईंत चारा छावणी चालवली आणि हजारो जनावरे वाचली. तरी दुष्काळात जनावर विकले जाते तेव्हा त्याच्या अंगातले रक्तही त्या मुलुखातून जाते आणि पाऊस परतला तरी ते परत येत नाही. चौथे कारण शर्यतबंदी. शर्यतीसाठी खोंड पाळणाऱ्याला ती दहा वर्षे बाजारच नव्हता.

त्यामुळे २०२१नंतर मागणी उसळली तेव्हा पैदाशीचे वळू थोडेच उरले होते. नाव झालेल्या वळूकडे आता गाय टेम्पोत घालून लांबून आणतात. काजळी रंगाचा हवा, कोसा रंगाचा हवा, अमक्या मैदानात पहिला आलेल्याची औलाद हवी. मालकाचे यात काही चुकत नाही. चांगला नर निवडणे हाच पैदाशीचा पाया आहे. अडचण येते ती सगळ्यांनी एकच नर निवडला की.

किती अडचण, हे मोजता येते. कळपात पैदाशीचे नर किती आणि माद्या किती यावरून त्या कळपाची ‘प्रभावी संख्या’ काढतात : नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या, त्याला चाराने गुणायचे आणि नर-माद्यांच्या बेरजेने भागायचे. एक वळू आणि शंभर गायी असतील तर उत्तर जेमतेम चार येते. गायी दोनशे करा, पाचशे करा, उत्तर चारच्या वर जातच नाही. म्हणजे गावात शंभर खिलार गायी डोळ्यांनी दिसतात, पण रक्ताच्या हिशेबात तो कळप चार जनावरांचा आहे. अशा कळपात जवळच्या रक्ताचे प्रमाण दर पिढीला साधारण साडेबारा टक्क्यांनी वाढते. त्याच शंभर गायींना चार वळू दिले तर प्रभावी संख्या पंधरावर जाते आणि वाढ सव्वातीन टक्क्यांवर येते. दहा वळू दिले तर छत्तीस आणि वाढ दीड टक्क्याच्या आत. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना किमान पन्नास ही संख्या सुचवते, म्हणजे दर पिढीला एक टक्का. गायी वाढवून जात वाचत नाही, वळू वाढवावे लागतात, हे या एका हिशेबातून स्पष्ट होते.

आता एका गावातला काळ पाहू. वळू तिसऱ्या वर्षी गायींवर जाऊ लागतो. त्यानंतर साडेनऊ महिन्यांनी त्याच्या पहिल्या कालवडी जन्माला येतात. खिलार कालवड पहिल्यांदा विते तेव्हा साधारण चार वर्षांची असते, म्हणजे तीन-सव्वातीन वर्षांची झाली की ती माजावर येते. वळू गावात आल्यापासून चार वर्षांत त्याच्या लेकी त्याच्याच समोर येतात. सातव्या वर्षी वळू ऐन भरात असतो, त्याचे नावही तेव्हाच झालेले असते आणि नेमका तोच काळ त्याला त्या गावातून हलवण्याचा असतो. नोंद नसेल तर चार वर्षांपूर्वीची कोणती कालवड त्याची, हे कोणीच खात्रीने सांगू शकत नाही.

माडग्याळी : नाकाच्या बाकाची किंमत

माडग्याळी मेंढी दख्खनी मेंढीच्याच गोतातली, पण दिसायला वेगळी. उंच, लांब पायांची, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, लोंबते कान, लोकर अगदी कमी आणि पोपटाच्या चोचीसारखे बाकदार नाक. वाढ जोमदार आणि मांस चांगले म्हणून तिला मागणी आली. पुढे आटपाडीच्या शनिवारच्या बाजारात आणि यात्रांमध्ये देखणेपणाचा भाव मांसाच्या भावाच्या कितीतरी पट झाला. आता नराची किंमत ठरते ती मुख्यतः नाकावर.

इथे जवळच्या रक्ताचा वेग गाईपेक्षा जास्त आहे. मेंढी पाच महिन्यांत विते आणि मादी कोकरू वर्षभराच्या सुमारास माजावर येते. कळपात सोडलेल्या मेंढ्याच्या लेकी दीड वर्षात त्याच्यासमोर उभ्या राहतात. फिरत्या कळपांच्या व्यवस्थेत हा धोका आपोआप कमी होत असे. पावसाळा संपला की माण-खटावचे मेंढपाळ खांडे, म्हणजे कळप, घेऊन बाहेर पडतात, वाटेत कळप शेजारी बसतात, नरांची देवघेव होते. घरच्या मेंढीचा पालवा घरच्याच खांडात नर म्हणून ठेवू नये, दुसऱ्याचा आणावा, हे ज्ञान धनगर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाळले आहे. बंदिस्त पालन वाढले, एक महागडा नर आणि वीस-पंचवीस माद्या असे शेड उभे राहिले, तेव्हा ही आपोआप होणारी अदलाबदल थांबली. लाखो रुपये घालून आणलेला नर दीड वर्षात बदला, हे मालकाला पटवणे अवघड असते. म्हणून नर विकण्याऐवजी दोन पालकांनी आपसात बदलण्याची सोय हवी.

एकाच गुणाची हाव कुठवर नेते याचे उदाहरण पश्चिम आशियातल्या दमास्कस म्हणजेच शामी शेळीत आहे. प्रदर्शनांसाठी तिच्या नाकाचा बाक पिढ्यान्‌पिढ्या वाढवत नेला गेला. त्यातल्या टोकाच्या जनावरांत चेहरा इतका आखूड आणि फुगीर झाला की खालचा जबडा पुढे येतो आणि वरच्या दंतपट्टीशी जुळत नाही. चरून खाणाऱ्या जनावराला ही मोठी अडचण आहे. माडग्याळीत बाक जपायचा असेल तर बाजारात नर पाहताना नाकाआधी तोंड उघडून पाहावे. खालचे दात वरच्या हिरडीवर नीट टेकतात का, श्वास घेताना घरघर आहे का, दोन्ही अंडकोश समान आणि घट्ट आहेत का. एवढ्या तीन गोष्टी पाहायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

जगाने मोजलेली किंमत

ज्या जातींच्या वंशावळी लिहिलेल्या आहेत, तिथे एका नराची किंमत आकड्यांत मांडता आली. अमेरिकेतला होल्स्टीन वळू पॉनी फार्म आर्लिंडा चीफ १९६२मध्ये जन्मला. त्याच्या लेकी भरघोस दूध देत. त्याला सोळा हजार लेकी, पाच लाख नाती आणि वीस लाखांहून अधिक पणत्या झाल्या. त्याच्या अंगात एका जनुकाची बिघडलेली प्रत होती. दोन्ही बाजूंनी ती आलेले वासरू पोटातच मरते. पुढे जनुकीय तपासणीत ती सापडली तेव्हा संशोधकांनी हिशेब केला : जगभरात सुमारे पाच लाख गर्भपात त्या एका प्रतीमुळे झाले. चीफमुळे वाढलेल्या दुधाचे मोल या नुकसानीपेक्षा कितीतरी मोठे होते, हेही त्याच संशोधनात आहे. म्हणून दोष वळू निवडण्याला देता येत नाही. तो एकच वळू इतक्या घरांत पोचवला आणि त्याच्या रक्ताची तपासणी नंतर झाली, यात चूक होती. माणदेशातल्या संकरित गायींच्या अंगातही हेच होल्स्टीन रक्त आहे, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला परकी नाही.

देखणेपणासाठी केलेल्या पैदाशीचे सर्वांत स्पष्ट उदाहरण जनावरांच्या वेगळ्याच गटात मिळते. परदेशांत आणि आता आपल्या शहरांतही काचेच्या पेटीत पाळल्या जाणाऱ्या लेपर्ड गेको या पालीचे रंगानुसार शेकडो प्रकार पैदासकारांनी तयार केले. नवा रंग एका पिलात उमटला की तो टिकवण्यासाठी बाप-लेक, भाऊ-बहीण अशा जोड्या लावल्या जातात. ‘लेमन फ्रॉस्ट’ हा फिकट लिंबासारखा पांढरट पिवळा प्रकार असाच एका पालीपासून पसरला आणि मोठ्या किमतीला गेला. काही वर्षांत या पालींच्या कातडीवर पांढऱ्या गाठी दिसू लागल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या संशोधकांनी २०२१मध्ये दाखवले की ज्या जनुकीय बदलाने हा रंग येतो त्याच बदलाने रंगपेशींच्या गाठी होतात आणि ऐंशी टक्क्यांहून अधिक लेमन फ्रॉस्ट पालींना त्या होतात. रंग ठेवून गाठ काढून टाकता येत नाही, दोन्हींचे मूळ एकच. ‘एनिग्मा’ प्रकारच्या पाली डोके कलते ठेवून गोल गोल फिरतात, भक्ष्यावर झडप घालताना चुकतात. बिअर्डेड ड्रॅगन या सरड्याचा खवले नसलेला ‘सिल्कबॅक’ प्रकार आहे. त्याची कातडी सहज फाटते आणि अंगातले पाणी लवकर सुकते. या तिन्हींत दोष एकेका जनुकाच्या बदलाचा आहे, पण तो जगभर पसरला तो जवळच्या जोड्या आणि बाजारभाव यांच्यामुळे. पालीची पिढी एक-दीड वर्षात बदलते म्हणून हे दहा वर्षांत दिसले. खिलारला तेच दिसायला पन्नास वर्षे लागतील आणि तोवर मागे फिरायला जागा उरलेली नसेल.

दुसरी बाजूही आहे. इंग्लंडमधल्या चिलिंगहॅम इथला रानटी गाई-बैलांचा कळप तीनशेहून अधिक वर्षे बाहेरच्या रक्ताशिवाय जगला आहे. १९४७च्या कडक हिवाळ्यात त्यात फक्त तेरा जनावरे उरली, पाच वळू आणि आठ गायी, तरी कळप पुन्हा वाढला. आज त्यातली जनावरे जनुकीय दृष्टीने जवळजवळ एकसारखी आहेत. शेकडो वर्षांत दोषी जनावरे मरत गेली आणि दोष गाळले गेले, असे याचे स्पष्टीकरण देतात. मात्र हे गाळणे जनावरांच्या मरणातून होते. इंग्लंडमधले असे इतर अनेक बंदिस्त कळप संपून गेले आणि चिलिंगहॅम उरला म्हणून आपल्याला माहीत आहे. ज्याचे घर दोन गायींवर चालते त्याला हा रस्ता परवडणारा नाही.

तीन मते आणि त्यांची पारख

जवळच्या रक्ताबद्दल माणदेशात तीन मते ऐकू येतात. पहिले मत सांगते की जवळच्या रक्तानेच जात घडते. ते अर्धे खरे आहे. कोणतीही जात स्थिर करताना सुरुवातीला जवळच्या जोड्या लावल्याच गेल्या. त्याशिवाय शिंगाची ठेवण, रंग, चाल एकसारखी आली नसती. पण तेव्हाचा पैदासकार दोषी वासरू कळपातून निर्दयपणे काढत असे आणि मोठ्या कळपातून निवडत असे. आज लाखाच्या वळूचे वासरू दोषी निघाले तरी ते विकले जाते, कारण बापाच्या नावाला भाव आहे.

दुसरे मत संकराचे. बाहेरचे रक्त घातले की जोम येतो, हेही खरे आहे. पहिल्या पिढीत तो दिसतोच. पण खिलारच्या गाईवर दुसऱ्या जातीचा वळू घातला तर जवळचे रक्त तुटते आणि त्याबरोबर उन्हात दिवसभर चालणारे, वाळक्या कडब्यावर जगणारे ते जनावरही संपते. जातीतल्याच दूरच्या शाखेतून वळू आणला तर दोन्ही साधते. म्हसवडच्या गाईला पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा किंवा विजयपूर-बेळगावकडचा खिलार वळू मिळाला तर जात तीच राहते आणि नाते लांबचे होते. या जातीचा मुलूख दोन राज्यांत पसरला आहे, ही तिची मोठी जमेची बाजू आहे.

तिसरे मत कृत्रिम रेतनावर भिस्त ठेवते. गावात वळू नको, गोठवलेल्या वीर्याची कांडी आणली की झाले. कृत्रिम रेतनाने दूरचा वळू दारात येतो, रोगांचा संसर्ग टळतो, आणि द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशाला ठेवलेले वीर्य वळू मेल्यावर कित्येक वर्षांनीही वापरता येते. जात वाचवायला याच्याइतके बळकट साधन नाही. तेच साधन नीट हाताळले नाही तर धोकाही तेवढाच मोठा, कारण एका वळूपासून वर्षाला हजारो कांड्या तयार होतात. नैसर्गिक वळू एका पंचक्रोशीपुरता असतो, कांडीतला वळू जिल्हाभर पोचतो. प्रत्येक कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. रेतन करणाऱ्याने तो क्रमांक वहीत उतरवला आणि पालकाने तो जपला, तर तीन वर्षांनी त्याच गाईच्या कालवडीला दुसऱ्या क्रमांकाची कांडी मागता येते. रिकामी कांडी शेणाच्या ढिगात गेली की ही संधी गेली.

हाताशी काय आहे

या भागात संस्थांची वाण नाही. खिलारसाठी जत इथे शासकीय पैदास प्रक्षेत्र आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रे माण तालुक्यात दहिवडीला आणि कवठेमहांकाळ तालुक्यात रांजणीला आहेत. पैदाशीचे नर पुरवणे हे त्यांचे कामच आहे. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. म्हसवडमध्ये माण देशी फाउंडेशनने शेळ्यांच्या कृत्रिम रेतनासाठी गावातल्याच महिलांना तयार केले आणि त्या ‘शेळी डॉक्टर’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. दारोदार जाणारी, पालकाच्या ओळखीची अशी कार्यकर्ती नोंदवही ठेवू लागली तर तिच्या वहीत साऱ्या पंचक्रोशीची वंशावळ जमा होईल.

फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था १९६८मध्ये बनबिहारी निंबकर यांनी स्थापन केली. सुंदरबनातल्या गरोळ मेंढीत जुळी कोकरे देणारा ‘फेक-बी’ जनुक असतो. संस्थेने तो दख्खनी मेंढीत आणला आणि त्यातून ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार केली. या कामातून शिकण्यासारखी गोष्ट तिच्या पद्धतीत आहे. हवा असलेला एक जनुक आणताना बाकीचे रक्त दख्खनीचेच राहावे, यासाठी पिढ्यान्‌पिढ्या परतसंकर केले गेले आणि रक्ततपासणीने जनुक असलेले नर निवडले गेले. म्हणजे एक गुण हवा म्हणून सारा कळप एका नराच्या हवाली करायची गरज नाही. शास्त्र आणि नोंद असेल तर गुण आणि विविधता दोन्ही मिळतात, आणि हे सातारा जिल्ह्यातच करून दाखवले गेले आहे.

राष्ट्रीय पातळीवर साधने आता झपाट्याने येत आहेत. जनावराच्या कानातला बारा अंकी पिवळा बिल्ला हा त्याचा ओळख क्रमांक. तो संगणकावरच्या ‘भारत पशुधन’ नोंदीशी जोडला की लसीकरण, रेतन, वेत सारे त्याच्या नावावर येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेने २०२१मध्ये देशी गोवंशासाठी ‘इंडिगौ’ ही जनुकीय चिप आणली. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिममध्ये पंतप्रधानांच्या हस्ते गायींसाठी ‘गौ चिप’ आणि म्हशींसाठी ‘महिष चिप’ यांचे लोकार्पण झाले. वंशावळ लिहिलेली नसली तरी रक्ताच्या किंवा केसाच्या नमुन्यावरून दोन जनावरांचे नाते किती जवळचे, हे अशा तपासणीतून कळू शकते. पैदाशीसाठी निवडलेल्या प्रत्येक खिलार वळूची ही तपासणी व्हावी, निकाल पालकांना समजेल अशा भाषेत द्यावा, आणि वळूंच्या जोड्या त्यावरून ठरवाव्यात. केरळात वेचूर गाय संपायच्या बेतात असताना केरळ कृषी विद्यापीठाने १९८९मध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जनावरांपासून तिचे संवर्धन सुरू केले. तिथे निवडीला वावच नव्हता. खिलारला तो अजून आहे.

बिल्ल्यात एक मोठी फट मात्र राहते. रेतन कांडीने झाले तर नोंद होते. गाय नामांकित वळूकडे नेली तर ती कुठेच लिहिली जात नाही. खिलारच्या पैदाशीत नैसर्गिक फळवणीचा मोठा वाटा आहे. म्हणून वळूमालकाने प्रत्येक गाईच्या बिल्ल्याचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवावी, गाईच्या मालकाला वळूच्या बिल्ल्याचा क्रमांक आणि त्याच्या आई-बापाची नावे लिहून द्यावीत. एका कागदावर चार ओळी पुरतात. ज्या वळूसाठी लोक हजारो रुपये मोजतात, त्याच्याबरोबर हा कागद मिळायलाच हवा.

पालकाने स्वतः पाळायच्या गोष्टीही थोड्याच आहेत. वळू तीन-चार वर्षांनी आणि मेंढीचा नर दीड वर्षाच्या आत दुसऱ्या गावी हलवावा. विकण्यापेक्षा तोलामोलाच्या नराशी बदलावा. नराचे आणि मादीचे बाप, आजा आणि आईचा बाप यांत कोणी सारखे निघाले तर ती जोडी टाळावी. दोषी वासराचा बाप आणि आई दोघांची नोंद करावी, कारण सुप्त दोष दोघांकडून आलेला असतो. गाईला एकटीला दोष देऊन तिला बाजारात नेणे म्हणजे निम्मे कारण गोठ्यात ठेवणे. आणि नावाजलेल्या वळूच्या मालकाने, त्याचे उत्पन्न बुडाले तरी, एका गावातल्या किती गायी घ्यायच्या याला मर्यादा घालावी. हे त्याच्याकडून मागताना समाजाने त्याला मोबदलाही द्यावा. दुय्यम पण निरोगी आणि दूरच्या रक्ताचा वळू सांभाळणाऱ्याला पशुसंवर्धन विभागाने अनुदान दिले, तर वळूंची संख्या वाढेल. आधी मांडलेला हिशेब पाहता जात जपण्यासाठी खर्च केलेल्या रुपयाला यापेक्षा चांगली जागा नाही.

बदलाची सुरुवात यात्रांपासून व्हायला हवी, कारण माणदेशात जनावराचे नाव यात्रेतच होते. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत, पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत आणि आटपाडीच्या मेंढीबाजारात निवड करणारे पंच शिंग, खूर, चाल, नाक पाहतात. त्यांनी नोंदणीच्या अर्जात बाप, आजा आणि आईचा बाप यांची नावे मागावीत आणि त्याला गुण द्यावेत. जबडा, अंडकोश आणि पायांची तपासणी पशुवैद्यकाने करावी आणि ज्यात दोष आहे त्याला क्रमांक देऊ नये, त्याचे नाव कितीही मोठे असले तरी. एक बक्षीस निव्वळ वंशावळ लिहिलेल्या वळूसाठी ठेवावे. पहिल्या वर्षी अर्ज थोडे येतील. ज्याला क्रमांक मिळाला त्याच्या वळूला पुढच्या हंगामात गायी जास्त येतील, आणि दुसऱ्या वर्षी वही घेऊन येणारे मालक वाढतील. बाजार जसा देखणेपणाला भाव देतो तसा तो नोंदीलाही भाव देऊ शकतो. तेवढे काम यात्रा समित्यांना पुढच्याच हंगामापासून सुरू करता येईल, आणि ते त्यांनी करावे.